न लिहिलेली ओळ

कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड तपासणारा माणूस तो कादंबरीसारखा वाचत नाही. तो सिस्टिम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या, तोंडाशी बसतो, बाहेरच्या प्रोग्रामने दिलेला एखादा पत्ता किंवा आकडा पकडतो आणि त्याचा माग काढतो. हा कुणी तपासला? कुठे वापरला?

लिनक्समध्ये ‘पुट_युजर’सारखं फंक्शन पत्ता युजरच्याच मेमरीतला आहे ना, हे पाहून मगच तिथे लिहितं. पण दर वेळी युजरच्या मेमरीपुढचं संरक्षणाचं दार उघडायचं, लावायचं, यात वेळ जातो. म्हणून ‘अनसेफ_पुट_युजर’ आलं. दार एकदाच उघडा, हवं ते लिहा, लावून घ्या. मात्र त्याआधी ‘अ‍ॅक्सेस_ओके’ने पत्ता तपासणं ही जबाबदारी तेव्हा तुमची असायची. 2017 मध्ये ‘वेटआयडी’ या सिस्टिम कॉलचा कोड नव्याने बेतला गेला आणि नेमकी तीच तपासणी राहिली. सप्टेंबरात 4.13 आवृत्ती बाहेर पडली, ऑक्टोबरात दुरुस्ती आली. मधल्या काळात कुणीही साधा युजर कर्नलमधलाच पत्ता पुढे करून तिथे कर्नलच्याच हातून लिहून घेऊ शकत होता. आपल्या युजर क्रमांकाच्या जागी शून्य पडलं, की झाला तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर!

गंमत म्हणजे त्या कोडमधली एकही ओळ चुकीची नव्हती. चुकलेली ओळ डोळ्यांना खुपते, नसलेली खुपत नाही. लिनस टोरवाल्ड्सने लिहिलेलं ‘स्पार्स’ हे साधन युजरच्या आणि कर्नलच्या पत्त्यांची सरमिसळ पकडतं. पण इथे पत्त्यावर युजरचं लेबल व्यवस्थित होतं. साधन गप्प राहणारच.

तपासणी असूनही घात होतो, तो प्रकार निराळा. 2002 मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘गेटपीअरनेम’सारख्या काही कॉल्सना लांबी म्हणून मोठी ऋण संख्या दिली, की ती कमाल मर्यादेच्या परीक्षेत बिनबोभाट पास व्हायची आणि कर्नलच्या मेमरीतला मजकूर बाहेर यायचा. दुसरी खोड दोनदा वाचण्याची: कर्नल युजरच्या मेमरीतून लांबी वाचतो, तपासतो आणि वापरताना पुन्हा तिथूनच वाचतो. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने आकडा बदललेला असतो. मातेउश युर्चिक आणि गिनवेल कोल्डविंड या दोघांनी अख्खं विंडोज ‘बॉक्स’ नावाच्या एम्युलेटरमध्ये चालवून असे दुहेरी वाचनाचे कितीतरी दोष 2013 मध्ये उघड केले. नुसतं वाचून ते हाती लागणं कठीणच.

लिनक्सने मात्र ‘वेटआयडी’सारख्या विसरभोळेपणावर चांगला इलाज केला. 2019 च्या 5.0 आवृत्तीपासून दार उघडणारं ‘युजर_अ‍ॅक्सेस_बिगिन’ पत्ताही स्वतःच तपासतं. ज्यांना हे काम शिकायचं आहे, त्यांनी 4.13 मधली ‘एक्झिट.सी’ ही फाइल उघडावी आणि दुरुस्तीचा पॅच न बघता ती उणीव शोधून पाहावी.