लोकरीचा फेरफार

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. छकुलीस,


तुझे पत्र पोचले आणि सोबतची लोकरीची लडीही सुखरूप पोचली. लडीविषयी पुढे लिहितो, आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर. मी विणून दिलेल्या पांघरुणाच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूस, मांजरपाटाचा जो बोटभर तुकडा टाचलेला आहे आणि ज्यावर शाईने चार आकडे घातलेले आहेत, तो धोब्याची खूण असावा असा तुझा तर्क, आणि जुन्या किमतीची चिठ्ठी असावा असा तुझ्या शेजारणीचा. दोन्ही तर्क बुद्धीला धरून आहेत, वस्तुस्थितीला धरून नाहीत. ते माझ्या दप्तरातील फेरफारांचे क्रमांक आहेत.

तुला या शब्दाचा बोध होण्यासाठी थोडे माझ्या धंद्याकडे वळावे लागेल. माझी उभी हयात पटवारी म्हणून गेली. जमिनीचा धनी कोण हे गाव नमुना सातात आणि तीत काय पिकले हे बारात लिहायचे, आणि खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीसपत्र अशा कोणत्याही कारणाने धनी बदलला की त्याची नोंद आधी नमुना सहामध्ये घ्यायची. तीच फेरफार नोंद. माणसे येतात, जातात, भांडतात, पण गट तोच राहतो, ही गोष्ट ज्याच्या मनात दप्तर लिहून लिहून मुरली आहे अशा माणसाच्या हाती लोकर पडली, तेव्हा तिचाही सातबारा त्याने उघडला यात नवल नाही. आपल्या माजघरातील हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत जी लोकर आहे तिच्यातील प्रत्येक जिन्नसाचे एक खाते आहे: कोठून आली, वजन किती (जुन्या नोंदी औंसांत, नंतरच्या ग्रॅमांत), लॉट नंबर कोणता, कोणत्या नंबरच्या सुयांवर चढली, कोणाच्या अंगावर गेली, आणि कधी उसवली. आरंभीच्या पानांवर ‘जिल्हा भंडारा’ असे आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा लोकरीलाही मी नव्या जिल्ह्यात घेतले.

‘उसवली’ हा रकाना वाचून तुझ्या बाबांना पूर्वी फार हसू येई. परंतु माझे मत असे आहे, आणि ते मी कोणाच्याही समोर सांगेन, की विणणे हे निम्मे कसब आहे आणि उसवणे हे उरलेले निम्मे. आणि हे दुसरे निम्मे ज्याला येत नाही त्याने लोकर साठवण्याच्या भरीस पडू नये. कात्रीने कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. विणलेला स्वेटर मात्र, त्याच्या शिवणी अलगद मोकळ्या केल्या आणि शेवटचा टाका सापडला, की सबंधच्या सबंध पुन्हा धागा होतो. त्यातही क्रम आहे. विणणारा जेथे थांबला त्या टोकापासूनच मागे यावे लागते. जेथे त्याने टाके घातले त्या आरंभाकडून उसवू गेल्यास ओळीओळीला धागा अडतो आणि हाती गुंता येतो. निघालेला धागा कुरळा असतो, त्याने घेतलेले वळण तो सहजी सोडत नाही. म्हणून तो पाटाभोवती गुंडाळून त्याची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून ठेवायची आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत टांगायची. खऱ्या लोकरीचे कुरळेपण वाळता वाळता निघून जाते. कृत्रिम धागा इतका निमूट नसतो.

आता ते चार क्रमांक.

पहिला हिरव्या पट्ट्याचा. १९६२ च्या हिवाळ्यात सीमेवर युद्ध पेटले तेव्हा देशभरच्या स्त्रिया जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणू लागल्या होत्या. तुझी आजी, म्हणजे माझी थोरली बहीण, त्या वेळी भंडाऱ्यास शिक्षिकेचे शिक्षण घेत होती. तिलाही फौजी हिरव्या लोकरीचा वाटा मिळाला आणि सुटीत ती तो घेऊन घरी आली. मी दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि तिने तिचा गुंडा करायचा, असे कित्येक संध्याकाळी चालले. आणि हात अडकलेल्या मुलाला डोळ्यांनी शिकण्यावाचून दुसरे काही करता येत नसल्यामुळे सुलट टाका आणि उलट टाका मी तिच्या सुयांकडे बघत शिकलो. काम पुरे झाल्यावर थोडी लोकर उरली. ती तिने परत नेली, आणि तिथल्या बाईंनी ‘एवढ्याशा तुकड्यांचे काय करायचे, तुम्हीच ठेवा’ म्हटल्यावरच ठेवून घेतली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दानाचा जिन्नस घरात राहिला असा ठपका मला दप्तरात नको आहे. त्या लोकरीचा माझा मफलर झाला, मफलरातून तुझ्या बाबांचे तान्हेपणीचे पायमोजे झाले, आणि पायमोजे उसवून तुझा पट्टा झाला.

दुसरा क्रमांक गडद किरमिजी पट्ट्याचा. तुझ्या पत्रात ‘हा रंग आपल्या घरचा वाटत नाही’ असे तू म्हटलेस ते अगदी खरे आहे. तो गोठणगावचा. केशोरीहून गोठणगाव सायकलीच्या टप्प्यात आहे. तेथे, इटियाडोह धरणाच्या जवळ, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत बसली, नॉरग्येलिंग तिचे नाव. दलाई लामा १९५९ च्या मार्चमध्ये भारतात आले आणि त्यांच्यामागून आलेल्या हजारो लोकांना सरकारने कर्नाटकात बैलकुप्प्यास, तेव्हाच्या मध्य प्रदेशात मैनपाटास, असे ठिकठिकाणी जमिनी देऊन वसवले. त्यातलीच ही आपल्या वाट्यास आलेली. हिमालयापलीकडची माणसे, मे महिन्यात जेथे दगडही तापून निघतात अशा या झाडीपट्टीत धान पिकवू लागली, याचे त्या काळी आम्हांला केवढे आश्चर्य! त्याहून मोठे आश्चर्य मला वैयक्तिक होते: तेथील पुरुष, चारचौघांत उन्हाला बसून, बिनदिक्कत सुया चालवीत. माझे विणणे तोवर दाराआडचे होते. बाईमाणसाचे काम म्हणून पानठेल्यावर जी थट्टा होई तिला मी पुढे सोळाव्या शतकातील युरोपात सुयांवर विणणाऱ्यांचे संघ पुरुषांचेच होते असे उत्तर देऊ लागलो. पण पुस्तकातल्या त्या दाखल्याने कोणाचे समाधान झाले नाही, गोठणगावच्या प्रत्यक्ष दाखल्याने झाले.

तेथल्या एका वृद्ध बाईंशी माझा व्यवहार जमला. त्यांना मराठी येत नव्हते, मला तिबेटी. हिंदी दोघांनाही बेताचीच. आपल्या केशोरीच्या मिरचीची कीर्ती तू जाणतेस. वाळलेल्या लाल मिरचीची एक पिशवी मी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी एक मिरची मोडून जिभेला लावली, मान डोलावली, आत गेल्या आणि भिक्षूंच्या वस्त्रांचा असतो त्या रंगाची लोकर घेऊन बाहेर आल्या. माप कोणी केले नाही. पुढे दर हंगामात हा विनिमय चालू राहिला. त्यांच्याचकडून मला कळले की हिवाळ्यात वसाहतीतले निम्मे लोक नागपूर आणि दूरदूरच्या शहरांत स्वेटर विकावयास जातात. पूर्वी त्यांच्या लोकांनी हातांनी विणलेले विकले, मग लुधियानाचा यंत्रावरचा माल आला, आणि तो माल लुधियानाचे व्यापारी त्यांना उधारीवर, केवळ शब्दावर देतात, हंगाम सरल्यावर पैसे चुकते होतात. जमाबंदीच्या थकबाकीत मुरलेल्या मला हे ऐकून काही क्षण बोलवेना. त्या किरमिजी लोकरीची मी कानटोपी विणली. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस लागले की आपल्याकडे रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते, पारा दहा अंशांखाली उतरतो आणि प्रेक्षक मात्र हलत नाही. त्या कित्येक रात्री ती टोपी माझ्या कानांवर होती.

तिसरा क्रमांक, आकाशी, त्याची कथा थोडकी; तो आणि किरमिजी पट्टा एकाच स्वेटरातून उसवून आले. तुझे बाबा नागपूरला वसतिगृहात राहिले तेव्हा मी त्यांना कॅशमिलॉनचा, म्हणजे कृत्रिम लोकरीचा, स्वेटर विणला आणि, आकाशी लोकर छातीपाशी कमी पडताच, टोपी उसवून तो किरमिजी धागा तेथे घातला. त्या लॉटची आकाशी लोकर पुन्हा मिळाली नाही. एकाच छटेच्या दोन लॉटांत फरक असतो हे दुकानदार कबूल करीत नाही, ऊन कबूल करते. तेव्हापासून पसंत पडलेली लोकर मी लागेल त्याहून अधिकच घेतो, आणि ट्रंकेच्या आकारमानाविषयी तुझ्या आजीने जे काही उद्गार काढले त्यांना हे माझे लेखी उत्तर समज.

चौथा क्रमांक कडेचा, मळकट सोनेरी. तो लोकर नव्हे, कोसा. आपल्या रानाने आपल्याला लोकर दिली नाही, कोसा दिला: ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर किडे पोसून धिवर समाजाची कुटुंबे कोष काढतात, आणि त्यांचा धागा विणकरांकडे जातो. रेशमाला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो. एकट्या कोशाची विणलेली किनार सैल पडून ओघळते. म्हणून तो लोकरीच्या एका पदराबरोबर जोडून घेतला आहे, आणि किनार साबुदाण्याच्या विणीची केली आहे, म्हणजे ती वळत नाही.

पांघरूण धुण्याविषयी: तुमच्या यंत्रात घालू नकोस. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते गरम पाण्यात आणि घुसळण्यात एकमेकांत रुतून बसतात. मग कापड आटते एवढेच नव्हे तर ते कधीही उसवता येत नाही, आणि माझ्या मते हे नुकसान आटण्याहून मोठे आहे. थंड पाणी, रिठा, पिळणे नाही. कसरीची भीती असेल तर कडुनिंबाचा पाला तिकडे क्राइस्टचर्चला मिळणार नाही, तेव्हा ऊन दाखवत जा.

आता तुझी लडी. चिठ्ठीवर मेरिनो असे छापलेले असूनही मी एक तंतू जाळून पाहिला, राग मानू नकोस. तो वितळून मणी झाला नाही, केस जळाल्याचा वास आला आणि बोटांत राख चुरगळली. माल खरा आहे. आपल्या दख्खनी मेंढीच्या, घोंगडीच्या उपयोगी पडणाऱ्या राठ लोकरीवर पोसलेल्या हाताला हा मऊपणा प्रथम अविश्वसनीयच वाटतो. स्पेनच्या राजांनी ही मेंढी शतकानुशतके देशाबाहेर जाऊ दिली नाही यामागचे मर्म मला त्या स्पर्शाने समजले. तिचे खाते उघडले आहे. ‘कोठून आली’ या रकान्यात तुझे नाव आणि क्राइस्टचर्च असे लिहिले. लॉट नंबरची जागा मात्र रिकामी आहे, कारण चिठ्ठीचा तो कोपरा पाकीट फोडताना फाटला असावा. दुकानातून तेवढा विचारून कळव, आणि त्याच लॉटच्या आणखी दोन लड्या शिल्लक असतील तर घेऊन ठेव.

मोबदल्यात मिरची पाठवावी असे मनात होते, परंतु तिकडच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांची झडती फार कडक असते असे तुझ्या बाबांकडून समजले. तेव्हा यंदाची मिरची तुझ्या नावाने जमा धरली आहे. येशील तेव्हा वसूल करावी.

तुझा,
आजोबा