टक्!

मराठीत लिही म्हटल्यावर मला घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं... दिवाळीच्या सुटीत शहाद्याला घरी गेलो. पप्पांची जुनी डिझेल गाडी म्हणजे आमच्या घरातला कमावता माणूस. तोरणमाळ, धडगावची भाडी मारूनच माझी होस्टेलची फी निघते. पण हल्ली सपाटीवर बरी चालणारी गाडी तोरणमाळच्या घाटात दम सोडायची. मागे नुसता काळा धूर! एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "टर्बो गेला. तीस हजार." पप्पांनी गाडी विकायचं ठरवलं आणि माझ्याकडे वळले, "मेकॅनिकलला आहेस ना? बघ बरं जरा."

मी काय बघणार, कप्पाळ! थर्मलमध्ये माझी केटी, आणि तीही घरी सांगितलेली नाही.

पुस्तकातला टर्बो पाठ होता. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनीअरचं १९०५ सालचं पेटंट. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि इंजिनात जास्त हवा कोंबायची. तोरणमाळ हजार मीटरच्या वर. तिथे हवा सुमारे दहा टक्के विरळ, त्यात चढ. टर्बोची खरी गरज तिथेच. पण बॉनेट उघडल्यावर कुठून सुरुवात करायची, हे कोणत्याच पानावर नव्हतं.

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्तरीकाकांना बोलावलं. "काय व्हयनं भाऊ?" म्हणत ते वाकले आणि काडेपेटीएवढ्या डबीवर बोट ठेवलं, "पह्यले याले देख."

तो बूस्ट कंट्रोल सोलेनॉइड. त्याला तीन नळ्या. एक व्हॅक्यूम पंपाकडून येते, दुसरी टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाते, तिसरी बाहेरची हवा घेते. गाडीचा कॉम्प्युटर त्याला सेकंदात अनेक वेळा करंट देतो-तोडतो आणि त्यावर टर्बोचा जोर ठरतो. आत धूळ-तेलाचा चिकटा बसला की व्हॉल्व्ह अडकतो, आणि नाव टर्बोचं बदनाम!

नळ्यांना चिकटपट्टी लावून नंबर टाकले. डबी काढून बॅटरीचा करंट क्षणभर दिला. आवाज नाही. पेट्रोलचा बोळा उचलला तर काका ओरडले. पेट्रोलने आतलं रबर फुगतं. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, झटकला, सुकवला. असं तीनदा. पुन्हा करंट... टक्!

इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पण घाटात गाडी अजून थोडी अडली. परत शोधलं, तर ॲक्च्युएटरच्या नळीला केसाएवढी चीर! हातभर नवी नळी टाकली आणि गाडी सेकंड गिअरमध्ये घाट चढली. पप्पा शिट्टी वाजवत होते. त्या आनंदात मी केटीचं सांगून टाकलं.

शिट्टी थांबली. दोन वळणं गेली. मग ते एवढंच म्हणाले, "पेपर कधी आहे?"

सोलेनॉइड जुना आहे, आज ना उद्या नवा बसवावा लागेलच. पण गाडी विकली नाही. माझा पेपर पुढच्या महिन्यात आहे. या वेळी पहिल्या पानापासून वाचतोय.