टेप घेऊन हॉटेल शोधताना

मैत्रिणींनो, चार दिवसांच्या सुट्टीसाठी हॉटेल ठरवताना आपण काय बघतो? चादरी स्वच्छ आहेत ना, खिडकीतून समुद्र दिसतो का, चहा वेळेवर मिळेल का, आणि भाडं परवडेल का. मीही आजवर एवढंच बघत आले होते. पण २०२४च्या एप्रिलमध्ये पणजीत हॉटेलं पालथी घातली तेव्हा माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप होती. खोली दाखवायला आलेला पोऱ्या मोठ्या ऐटीत पडदा सरकवून समुद्र दाखवी, आणि मी आपली न्हाणीघराच्या दाराशी उकिडवी बसून उंबरठा मोजत असे!

कारण होतं आमची लेक. सहा वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून पडली आणि उजव्या पायाचं हाड गुडघ्याच्या जरा खाली मोडलं. हाड जुळलं, पण जिथून हाड वाढतं नेमकी तीच जागा दुखावली होती. डावा पाय वाढत गेला, उजवा मागे राहिला. वाढ थांबली तेव्हा दोहोंत साडेचार सेंटिमीटरचा फरक होता. सावंतवाडीच्या मोती तलावाकाठून ती शाळेत जायची ती एका बुटाला जाड तळवा लावून. चपला तिने कधी घातल्याच नाहीत. कॉलेजच्या गॅदरिंगला सगळ्या मुली साड्या नेसल्या तेव्हा ही ताप आल्याचं सांगून घरी बसली. वीस वर्षांची झाल्यावर तिनेच एके दिवशी सांगितलं, "आई, मला पाय लांब करून घ्यायचाय."

हाड लांब होतं यावर माझाही आधी विश्वास बसला नव्हता. पायाभोवती धातूच्या कड्या बसवतात, त्यांतून बारीक तारा हाडातून आरपार नेतात आणि मधोमध हाड कापतात. आठवडाभर तसंच ठेवायचं, मग कड्यांवरचे नट दिवसातून चार वेळा थोडे थोडे फिरवायचे. एका वेळी पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला एक. दोन तुकड्यांमधल्या फटीत नवं हाड धरत जातं! हे शोधलं सोव्हिएत रशियातल्या कुर्गान गावच्या डॉक्टर इलिझारोव्ह यांनी, १९५०नंतरच्या वर्षांत. पश्चिमेकडच्या डॉक्टरांच्या कानावर ते नीट गेलं फार उशिरा. कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक मोडून आखूड झालेला पाय घेऊन १९८०मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला, तेव्हा त्याचे डॉक्टर चकित झाले. आमच्या डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली आणि आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे मान डोलावली. गिर्यारोहकाचं नाव निघालं की ह्यांना सगळं पटतं.

आमच्या हिशेबाने पंचेचाळीस मिलिमीटरला पंचेचाळीस दिवस. त्यानंतर नवं हाड घट्ट होईपर्यंत आणखी कितीतरी महिने फ्रेम पायावर. पहिले दोन महिने पंधरा दिवसांनी एक्सरे आणि रोज व्यायाम, कारण हाड जितक्या खुशीने वाढतं तितक्या खुशीने स्नायू वाढत नाहीत. पोटरी आखडते आणि पाऊल खाली झुकायला लागतं. इस्पितळ पणजीजवळ, आमचं घर साठेक किलोमीटरवर, तेही जुनं. चौथरा उंच, न्हाणीघर मागच्या पडवीत. वन्सं पर्वरीला राहतात, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "पावसाळ्यात गोव्यातली हॉटेलं ओस पडतात, महिन्याच्या बोलीने घेऊ," हे म्हणाले. आणि डॉक्टरांनी सांगितलं, "पोहण्याचा तलाव असलेलं बघा. जखमा भरल्या की पाण्यात चालवू."

तलाव कशाला, असं तुम्ही विचाराल. पाण्यात माणूस हलका होतो हे आपल्याला विहिरीपासून माहीत आहे, पण त्याचं मापही आहे. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर अंगाचा निम्माच भार येतो. छातीपर्यंत गेलं की साधारण एक तृतीयांश, आणि गळ्यापर्यंत पाणी असलं तर जेमतेम दहावा हिस्सा. जमिनीवर जे पाऊल टाकायला भीती वाटते ते पाण्यात टाकता येतं.

तर ऑपरेशनच्या आधी लेकीलाच बरोबर घेऊन शोधायला निघाले. पहिल्यांदा कळंगुटच्या बाजूला गेलो. तलाव म्हणजे काय, नजर ठरेना! पण खोलीपासून तलावापर्यंतची वाट वाळूची, कुबडी त्यात रुतायची. शिवाय जूनमध्ये तलाव दुरुस्तीसाठी बंद असतो हे आम्ही विचारलं तेव्हा कळलं. मैत्रिणींनो, हे आधी विचाराच. गोव्यातल्या कितीतरी हॉटेलांत रंग आणि दुरुस्ती पावसाळ्यातच निघते. समुद्राचा तर प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात तिथे लाल निशाणं लागतात, आणि तारांच्या जखमा असताना समुद्राचं किंवा ओढ्याचं पाणी लागू द्यायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

फोंतेन्यासमध्ये मात्र माझा पाय अडखळला. पिवळ्या निळ्या भिंती, कौलं, रस्त्यावर झुकलेल्या गॅलऱ्या. एका जुन्या घरातली खोली इतकी देखणी की तलाव नसला तरी चालेल असं क्षणभर वाटून गेलं. जिना मात्र लाकडी, अरुंद आणि उभा. लेक म्हणाली, "आई, मला वर नेशील, पण खाली कशी आणशील?" गावातल्या एका उंची हॉटेलात तलाव गच्चीवर होता. लिफ्ट एक मजला अलीकडेच थांबायची, पुढे चौदा पायऱ्या. पाण्यात उतरायला नुसती उभी लोखंडी शिडी. फ्रेम घातलेला पाय शिडीच्या दांड्यांमध्ये अडकला तर? मी टेप काढलीच नाही.

पुढच्या ठिकाणी सगळं मापात बसत होतं. मी मॅनेजरना पायावर फ्रेम असेल म्हणून सांगितलं. ते हसले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मॅडम, खोली घ्या, पण पूलमध्ये नको. इतर पाहुण्यांना बघायला बरं वाटणार नाही." लेक माझ्या शेजारीच उभी होती. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला तलाव नकोच. नुसती खोली बघ."

करंझाळ्याला आतल्या गल्लीत एक साधं दुमजली हॉटेल मिळालं. समुद्र दिसत नव्हता, दिसत होता नारळ आणि शेजारच्यांची वाळत घातलेली कापडं. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी फ्रेमबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जखमा सुकल्या अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग खुशाल उतरू दे." मला त्यांचं हे फार आवडलं. सरळ नाही म्हणणारा नको, आणि काहीही न विचारता हो म्हणणाराही नको. जो असं विचारतो तो पाण्याचीही काळजी घेत असतो. त्यांच्याकडे वही होती, रोज सकाळी पाण्यातलं क्लोरीन तपासून तीत आकडा लिहायचे. तलावाचा तळ स्वच्छ दिसला पाहिजे. आणि डोळे चुरचुरतील असा क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर पाणी फार स्वच्छ आहे असं समजू नका. घाम नि मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास सुटतो.

आता माझ्या टेपचं सांगते. तलावाला रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा होता. उथळ टोकाला साडेतीन फूट पाणी, पुढे पाच, म्हणजे कमरेपासून गळ्यापर्यंत सगळं. खोली तळमजल्यावर. तिथून तलावापर्यंत चाळीस पावलं आणि एकच पायरी. न्हाणीघराचं दार मात्र चोवीस इंच, चाकाची खुर्ची जाईना. मालकीणबाईंनी दार काढून पडदा लावून दिला! पलंगाची उंची खुर्चीएवढी हवी. फार खाली असला तर उठताना रडू येतं. फरशी गुळगुळीत होती, ती आम्ही घरून नेलेल्या रबरी पट्ट्यांनी झाकली. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून वरची खोली घेणार असाल तर जनरेटरवर लिफ्ट चालते का तेही विचारा.

आजकाल काहीजण नुसती उंची वाढवायला दोन्ही पाय लांब करून घेतात म्हणे. ज्याची त्याची हौस. पण घरात कुणी तसं ठरवलंच, तर एक पाय टेकवायलाही नसतो हे लक्षात ठेवा आणि वरची सगळी मापं दुप्पट कडकपणे घ्या. आणि इस्पितळापासून अर्ध्या तासाच्या आतलंच हॉटेल घ्या, दूरचं कितीही सुंदर असो.

ऑपरेशन २ मे रोजी झालं. नऊ तारखेला पहिला नट फिरला आणि टाके निघाल्यावर आम्ही करंझाळ्याला आलो. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की मी उठायची, गरम पोई घ्यायची आणि पहिला नट फिरवायची. लेक भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची. दुखायचं ते रात्री, आणि ते कसं ते मी लिहीत नाही. सलवारींची उजवी शिवण खालपासून मांडीपर्यंत उसवून मी नाड्या लावल्या होत्या. चादर तारांना अडकू नये म्हणून जुन्या उशीच्या अभ्र्याची गवसणी शिवली. तुमच्यावर वेळ आली तर आधीच चार शिवून ठेवा, रोज धुवावी लागते. तारांच्या मुळाशी लाली, सूज किंवा पू दिसला, ताप आला, तर त्या दिवशी पाणी नाही आणि फोन थेट डॉक्टरांना.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मालकीणबाईंनी ती वहीत जपून ठेवली. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची, पण लेक पाण्याकडे फिरकेना. तलावावर कुणी नसायचं, फार तर एखादं जोडपं. तरी ती खिडकीचा पडदासुद्धा ओढून घ्यायची. खोलीतले व्यायाम करी, संध्याकाळी आम्ही रिक्षाने कांपालला जाऊन मांडवीकाठच्या सपाट वाटेवर कुबड्यांनी शंभर पावलं चालत असू, तीही अंधार पडल्यावर. पोटरी आखडत चालली होती. पाऊल टाचेवर टेकेना. डॉक्टरांनी एक्सरे बघून हाड छान धरतंय म्हणून सांगितलं आणि पाऊल बघून काहीच बोलले नाहीत. मी रागावले, समजूत घातली, अबोलाही धरला. शेवटी ह्यांनी फोनवर सांगितलं, "तू आता गप्प बस."

२२ जूनला पंचेचाळिसावी फुली पडली. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ जूनला, गोव्यात सांजांव. त्या दिवशी तिथली ख्रिस्ती मंडळी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून, गात वाजवत विहिरींत उड्या मारतात. सकाळपासून गल्लीत घुमटं वाजत होती. पावसाची झड लागलेली. झाडलोट करणाऱ्या मावशी दाराशी आल्या, हातात फुलं गुंफलेला कोपेल. तो त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाय, आयज सांजांव मगो! आयज उदकांत उडी मारूंक जाय." लेक म्हणाली, "उडी कशी मारू? हे बघा ना." आणि तिने गवसणी बाजूला केली. आमच्याशिवाय कुणाला तिने ती फ्रेम दाखवली नव्हती. मावशींनी वाकून नीट बघितलं, किती तारा आहेत ते मोजलं, आणि विचारलं, "गंजत नाहीत ना?"

लेक हसायला लागली.

अकरा वाजता ती कठडा धरून खाली उतरली. व्यायामवाली मुलगी पाण्यात पुढे, मी पायरीवर पदर खोचून मागे. गल्लीतली चारपाच पोरं फाटकातून बघत होती, तीही कोपेल घालून. ती फ्रेमकडेच बघत होती, सरळ, डोळे मोठे करून. तिने त्यांना हात केला. छातीभर पाण्यात गेल्यावर ती थांबली, टाच खाली नेली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने तारा धुतल्या, कोरड्या केल्या, नवी पट्टी बांधली. त्याला पोहण्याहून जास्त वेळ लागला. तिला भूक लागली होती. मालकीणबाईंनी पातोळ्या पाठवल्या होत्या, त्या आम्ही दोघींनी संपवल्या.

पुढे दोन आठवडे ती रोज उतरली. जुलैच्या मध्यावर आम्ही घरी आलो. फ्रेम डिसेंबरात निघाली, मग महिनाभर ब्रेस. जानेवारीअखेर पणजीला दाखवून परतताना शुक्रवार होता, म्हणून म्हापशाच्या बाजारात थांबलो. मला सुकट घ्यायची होती. परत आले तो लेक चपलांच्या दुकानात स्टुलावर बसलेली. दुकानदाराने एक चप्पल पुढे केली, "घालून बघा." ती म्हणाली, "दोन्ही द्या."