वटवाघळाचं बिल

मंडळी, अ‍ॅडिरॉन्डॅक्सला अजून गेला नसाल तर जरूर जा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला नुसते डोंगर, तळी आणि झाडी. पहाटे तळ्यावर धुकं उतरलं की मला तर महाबळेश्वरच आठवतं. ऑगस्ट २०१९ मध्ये लेक प्लॅसिडजवळ एका खोलीची लाकडी केबिन घेऊन आम्ही चौघं तिथं राहिलो होतो.

दुसऱ्या रात्री हिनं मला हलवून उठवलं. बघतो तर मुलांच्या डोक्यावर वटवाघूळ भिरभिरतंय! मी खिडकी उघडली, टॉवेल फिरवला आणि पाच मिनिटांत स्वारीला बाहेर काढलं. स्वतःवर खूष होऊन झोपलो.

सकाळी ऑफिसातल्या बाईंना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "आणि ते आता कुठं आहे?" पकडून ठेवलं असतं तर ऑल्बनीच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याचा मेंदू तपासता आला असता. रेबीज नाही निघाला की आम्ही मोकळे. ते मी सोडून दिलं होतं! वटवाघळाचे दात इतके बारीक की झोपलेल्याला चावल्याचं कळतही नाही. आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. अमेरिकेत कुत्र्यांमधला रेबीज संपल्याचं २००७ साली जाहीर झालं. आता इथं माणसं दगावतात ती बहुतेक वटवाघळांमुळं. शक्यता अगदी कमी, हे इंजिनियर म्हणून मला कळत होतं. पण झोपलेल्या मुलीकडे बघून असलं गणित कोण मांडणार?

पहिल्या दिवशी लस आणि ग्लोब्युलिन, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा लस. ग्लोब्युलिन वजनावर देतात, म्हणजे सगळ्यात महाग पेशंट मीच! चौघांचं बिल पाच आकडी डॉलर. विम्यानं बरंच उचललं, तरी उरलं ते झोंबलंच.

मला हे नवीन नव्हतं. १९८६ साली वाईजवळच्या आमच्या गावात मला कुत्रं चावलं होतं. तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. ती लस भारतात केव्हाच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात नवी लस मोफत मिळते, आणि कातडीत थोडी थोडी टोचली की एका कुपीत अनेकांचं भागतं. तरीही जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश भारतात होतात. सुट्टीत गावी गेल्यावर मुलांना कुत्र्यानं नुसतं ओरखडलं, तरी आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईला फोनवर सगळं सांगितलं. बिलाचा आकडा ऐकून ती गप्पच झाली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी औषध फुकट होतं रे. पण चौदा दिवस एस.टी.चं भाडं, आणि दादांचे चौदा खाडे. पगार कापला होता. तुझे किती खाडे झाले?"


"एकही नाही," मी म्हटलं.