सोळा वर्षांचा मी, नाबाद

गेले दोन आठवडे रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. असो. या वीकेंडला रत्नागिरीला घरी आलोय आणि पाऊस असा कोसळतोय की मांडवीपर्यंत जायची सोय नाही. मग काय, माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला आणि 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14' सुरू केला.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने 2014 साली काढलेला हा गेम. आमची पिढी ईएच्या 'क्रिकेट 07' वर वाढलेली. दोन बटणं दाबली की बॉल स्टेडियमबाहेर. इथे एका स्टिकने पाय हलवायचे, दुसरीने बॅट. आणि खरी मजा करियर मोडमध्ये. आपला खेळाडू आपणच बनवायचा, चेहरा, उंची, डावरा की उजवा, आणि सोळाव्या वर्षापासून त्याला वर चढवायचा. आपण फक्त आपली बॅटिंग करायची. आऊट झालात की बसा पॅव्हेलियनमध्ये.

हॉस्टेलवर बनवलेला माझा पहिला खेळाडू अगदीच गाढव होता. प्रत्येक बॉल मिडविकेटवरून! (टेनिस बॉलची सवय, दुसरं काय.) अ‍ॅव्हरेज अकरा. मग मी लबाडी सुरू केली. आऊट झालो की गेम बंद, जुन्या सेव्हवरून पुन्हा चालू. प्रॉडक्शनवर रोलबॅक मारावा तसं. शतकं झाली, पण त्या शतकांकडे बघवेना. डिलीट मारला.

दुसऱ्याला नियम घातले. रोलबॅक बंद. पहिले वीस बॉल सरळ बॅटने. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडायचा म्हणजे सोडायचा. सुरुवातीला खेळाडू कच्चा असतो, टायमिंग जरा चुकलं की स्लिपमध्ये कॅच. रन्स होत गेल्या की तो हळूहळू पक्का होतो. चार दिवसांच्या मॅचेस सिम्युलेट करून टाकायचा मोह होतो, तो आवरा. खेळाडू घडतो तो तिथेच. सेशनभर नुसतं टिकायचं, अठरा रन्स काढायच्या.. कंटाळवाणं वाटतं ना? मला तर व्यसन लागलं.

एक मात्र या गेममध्ये खोटं आहे. रन्स केल्या की सिलेक्शन होतं. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या 452 च्या विक्रमाला फक्त नऊ कमी, आणि समोरच्या टीमने मॅचच सोडून दिली. निंबाळकरांना टेस्ट एकही मिळाली नाही. शून्य. गेमवर नाव मात्र ब्रॅडमनचं :-)

तर काल संध्याकाळी मी 61 वर नाबाद होतो. बाबा चहा घेऊन मागे येऊन बसले. आमच्यात क्रिकेट हा विषय निघत नाही. दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या सिलेक्शनला जायचं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "आधी दहावी होऊ दे, मग बघू." मग अकरावी सायन्स, सीईटी, इंजिनियरिंग. किटबॅग काकांच्या मुलाला दिली. माझी एकही मॅच त्यांनी पाहिली नाही, हा राग मी बरीच वर्षं सांभाळून ठेवलाय.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच. सोळा वर्षांचा."

ते काही बोलले नाहीत. दोन ओव्हर पाहिल्या. मी एक बॉल लेगला सरकून खेळलो आणि चुकलो.

"सरकतोयस," ते म्हणाले. "तेव्हाही असाच सरकायचास. स्टेडियमवर त्या लेदर बॉलच्या मॅचला दोनदा बोल्ड झालास, दोन्ही वेळा असाच."

"तुम्ही कधी आला होतात?"

"गेटाजवळून बघायचो. ऑफिसला जाताना." कप उचलून ते उठले. "बॉल टाकतोय बघ तो."

मी घाईने स्टिक धरली. बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर होता. सोडला.

बाबा दारात उभे होते, ओव्हर संपेपर्यंत.