हुकलेला समुद्र

सन २०१९ च्या दिवाळीत अंथुर्ण्याहून गुहागरास जाण्याचा आमचा बेत होता. धाकट्या बंधूंच्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांचे जलदर्शन नीरेच्या डाव्या कालव्यावरच संपत असे. फराळाचे डबे भरले, तोच २५ ऑक्टोबरला रत्नागिरीसमोर ‘क्यार’ नावाचे चक्रीवादळ उठल्याची वार्ता आली. नाव ब्रह्मदेशाने सुचविलेले, अर्थ वाघ. अरबी समुद्रात एवढे प्रचंड वादळ २००७ च्या ‘गोनू’नंतर प्रथमच होत आहे, हे आम्ही मुलांना प्राध्यापकी थाटात समजावून दिले. त्यांनी एवढेच विचारले, “मग काका, लाटा आणखी मोठ्या असतील ना?”

वाघाने किनाऱ्याकडे पाठ फिरवून ओमानची वाट धरली. पाऊस मात्र आमच्या दारी आला. एरवी ढगाला हात जोडणाऱ्या या गावात भावजय अंगणातून आभाळाला ‘पुरे’ म्हणत होती. द्राक्षवेलींची छाटणी होऊन महिना झालेला. घड ऐन फुलोऱ्यात. अशा वेळी त्यांत पाणी राहिले की ते कुजतात. बंधूंनी औषध फवारावे, आणि सरीने ते धुऊन न्यावे! मुलांनीही मग गुहागरचे नाव काढले नाही.

लक्ष्मीपूजनास बंधू उशिरा आले. हातात काळवंडलेला एक कोवळा घड होता. तो त्यांनी मुकाट्याने फराळाच्या डब्यांशेजारी ठेवला.