नाव आधी की माणूस आधी?

‘तीसरी मंझिल’ या चित्रपटाचा विषय निघाला की लोक आधी गाण्यांवर येतात. ते साहजिकच आहे. १९६६ साली आलेल्या या चित्रपटाने राहुलदेव बर्मन या तरुण संगीतकाराला खऱ्या अर्थाने उभे केले. आमच्या घरात मात्र त्याच्या गाण्यांवरून कधी वाद झाला नाही. वाद झाला तो नावावरून, आणि तो अजून मिटलेला नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मसुरीच्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून रूपा नावाची मुलगी मरते. त्या हॉटेलात ड्रम वाजवणाऱ्या रॉकीने तिला फसवले आणि म्हणून तिने जीव दिला, असे तिच्या घरच्यांना वाटते. धाकटी बहीण सुनीता रॉकीला धडा शिकवायला निघते. रेल्वेत तिला एक बडबड्या तरुण भेटतो. तोच रॉकी. पण रॉकी हे त्याचे स्टेजवरचे नाव, खरे नाव अनिल. मुलीच्या मनात रॉकीबद्दल काय आहे हे कळल्यावर तो ते नाव गिळून टाकतो आणि अनिल म्हणूनच तिच्यापुढे वावरतो. पुढे प्रेम, भांडणे, हसू, संशय आणि खुनाचा उलगडा. खुनी कोण ते सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांची मजा का घालवावी? एवढेच सांगते की ज्याच्याकडे सगळे बोट दाखवत होते, तो खुनी नसतो.

अब्बांनी हा चित्रपट तरुणपणी थिएटरात पाहिला होता. ते मिरजेला रेल्वेत नोकरीला. डब्यातला दंगा पाहून ते आधी रेल्वेचे नियम सांगत, मग मूळ मुद्द्यावर येत. त्यांचा निकाल ठरलेला असे. “झूट कां बोल्या उनें? अनिल उसका असल नाम था. रॉकी तो पोटापानी का नाम.” अब्बांच्या मते माणसाने आधी आपली वागणूक दाखवावी, नाव काय, नंतरही सांगता येते. रॉकी म्हणून त्याने हात पुढे केला असता तर ती पोरगी त्याचे एक वाक्य तरी ऐकती का, असे ते विचारत.

आपा तेव्हा कॉलेजात होती. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर हा चित्रपट लागला, तेव्हा शेजारपाजारच्या बायका-मुलांनी आमची पुढची खोली भरून गेली होती. तिथेच तिने अब्बांना पहिल्यांदा उलट विचारले. “ती प्रेमात पडते ती कुणाच्या? अर्ध्या माणसाच्या. नाव आधी हवं होतं की नंतर, हे तिला विचारलं का कुणी?” बहिणीच्या मरणाचा जाब विचारायला एकटी निघालेली मुलगी आपाला फार आवडली होती. तिचीच फसवणूक व्हावी आणि आपण सगळ्यांनी हसावे, हे तिला पटत नव्हते.

फुफूला या दोघांशी देणेघेणे नव्हते. तिचे सगळे लक्ष हेलनच्या रुबीकडे. रुबी हॉटेलात नाचते, रॉकीवर जीव टाकते आणि गोळी लागून मरते. “जिनें सच्ची थी, उसीकू मार डाले,” म्हणून ती पदराने डोळे पुसायची. अम्मी काही न बोलता शम्मी कपूरकडे पाहत राही. चित्रीकरण चालू असतानाच, जानेवारी १९६५ मध्ये, त्याची पत्नी गीता बाली देवीच्या आजाराने गेली होती आणि काही काळ काम थांबले होते. हे अम्मीने कुठल्याशा मासिकात वाचलेले. “घरात मय्यत झालेला माणूस हसतोय बघ,” एवढेच ती म्हणे. एका खोलीत बसून चार माणसांनी चार चित्रपट पाहिले, असे मला आता वाटते.

निर्माते नासिर हुसेन यांना वेषांतराची आणि नावाच्या लपवाछपवीची भारी हौस. नायक दुसराच कोणी बनून नायिकेच्या घरात शिरतो, ही युक्ती त्यांच्या अनेक चित्रपटांत आहे. इथे दिग्दर्शन विजय आनंद यांचे. त्यांनी त्या गमतीला रहस्याची घट्ट वीण दिली. शम्मी कपूरला संगीताला शंकर-जयकिशन हवे होते. पण राहुलदेवने चाली ऐकवल्या आणि त्याचे मत बदलले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सगळी गाणी मोहम्मद रफी आणि आशा भोसले यांच्या आवाजात. आशाताईंचा जन्म १९३३ चा, आमच्या सांगलीचा. त्यामुळे त्यांचा आवाज सुरू झाला की फुफूसुद्धा ‘आपल्या गावची’ म्हणून मान डोलवायची.

अब्बा श्रेयनामावली चुकवू देत नसत. निर्माता नासिर हुसेन, गीतकार मजरूह सुलतानपुरी, गायक मोहम्मद रफी. पुढे जावेद अख्तर यांच्याबरोबर पटकथा लिहून गाजलेले सलीम खान यात रॉकीच्या मित्राच्या छोट्या भूमिकेत आहेत, तेही ते बोट दाखवून सांगत. मग म्हणत, “इथं बघ, नावं उघडी आहेत. पण युसूफ खानला पडद्यावर दिलीपकुमार व्हावं लागलं, महजबीनला मीनाकुमारी. त्यांना खोटारडं म्हणशील?” आपा यावर थोडा वेळ गप्प बसे. मग म्हणे, “त्यांना नाही म्हणणार. ज्यांच्यामुळे नाव बदलावं लागलं, त्यांना विचारीन.”

हा वाद घरातल्या करमणुकीचा आहे असे मी बरीच वर्षे समजत होते. २०१० च्या उन्हाळ्यात तो माझ्या दारात आला.

मला विश्रामबागेतल्या एका शाळेत नोकरी लागली होती. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला. त्याला लहानपणापासून सगळे राजू म्हणतात, कारखान्यातही राजूच. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध असलेली विश्रामबाग आम्हा दोघांनाही सोयीची. विलिंग्डन कॉलेज तिथे १९१९ पासून, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून. बाहेरगावची मुले येत-जात राहतात, म्हणून भाड्याच्या खोल्यांना तोटा नाही. पण आदल्या वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवाच्या काळात मिरजेत दंगल झाली होती. संचारबंदी उठली, दुकाने उघडली, तरी माणसांच्या मनातले शटर अर्धेच वर गेले होते.

पहिल्या घरी एजंटाने “राजूभाऊंना दोन खोल्या पाहिजेत” अशी ओळख करून दिली. चहा झाला. खोल्या दाखवल्या, नळाची वेळ सांगितली. पूर्ण नाव सांगितल्यावर घरमालकांना आठवले की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे. दुसऱ्या घरी खाण्याचा प्रश्न निघाला. बाहेर आल्यावर एजंट मला म्हणाला, “मॅडम, पुढच्या ठिकाणी तुम्हीच बोला. तुमचं मराठी ऐकून कळत नाही.” ती दाद होती की सल्ला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या रात्री आमच्यात चर्चा झाली आणि मला हसू आले, कारण नवरा हुबेहूब अब्बांचे बोलत होता. राजू हे काही खोटे नाव नव्हे. आधी माणसे आपल्याला भेटू देत, बोलू देत. मग नाव कळले तर इतके खुपणार नाही. मला आपा आठवत होती. मी म्हटले, “कप खाली ठेवून ते आपल्याकडे बघतात ना, ते मला पुन्हा बघायचं नाही.” मग असे ठरले की फोन मी करायचा आणि पहिल्याच वाक्यात दोघांची पूर्ण नावे सांगायची.

चार फोन पहिल्या वाक्यातच संपले. पाचव्या फोनवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. नावे ऐकून त्या म्हणाल्या, “माणसं किती? भाडं पाच तारखेच्या आत लागतं. आणि टाकीचा कॉक रात्री आठवणीने बंद करायचा.” त्या घरात आम्ही सहा वर्षे राहिलो.

एका रविवारी टीव्हीवर ‘तीसरी मंझिल’ लागला. काकू स्वयंपाक आवरून आमच्याकडे येऊन बसल्या. त्यांनीही तो लग्नाआधी मैत्रिणींबरोबर पाहिलेला. अब्बांचा आणि आपाचा वाद मी त्यांना सांगितला. त्या जरा वेळ विचार करून म्हणाल्या, “अगं, दोघंही त्या पोरावरच भांडतात की. तिनं काय केलं ते बघ ना. ऐकीव गोष्टीवर एका माणसाला गुन्हेगार ठरवलं आणि काठी घेऊन निघाली. खुनाचा तपास करायला पोलीस आहेत. पण मी हे कुणाचं ऐकलं आणि का खरं मानलं, हा तपास तिचा तिनंच करायचा असतो.”

चाळीसेक वर्षांत आमच्या घरात हा मुद्दा कुणाला सुचला नव्हता. नाव सांगणाऱ्याने ते कधी सांगावे, यावर आम्ही भांडत बसलो. ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, हे आमच्या ध्यानात आले नाही. कदाचित आम्ही कायम सांगणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो म्हणून.

काकूंचे म्हणणे मी आपाला फोनवर सांगितले. तिला ते आवडले. पण ती आपाच. म्हणाली, “खरं आहे. पण तुला पाचवं घर मिळालं म्हणून तुला हे बोलायला सुचतंय. पाचव्यानंही फोन ठेवला असता तर सहाव्याला काय सांगितलं असतंस, राजू की पूर्ण नाव?”

मी पूर्ण नावच सांगितले असते. पण अब्बांचा रॉकीही मला आता खोटारडा वाटत नाही. त्याला आपले निर्दोषपण सिद्ध करायला थिएटरातला एक अख्खा खेळ मिळतो; मध्यंतरही मिळते. खोली शोधणाऱ्याला फोनवरचे एक वाक्य मिळते.